तू जिन्यात प्यायलेलं पाणी

आई,

आधी राग काढणार आहे, बाकीचं नंतर. तू होतीस तेव्हा तुझ्याशी धड भांडताही आलं नाही. मी तावातावाने बोलायचे आणि तू मान खाली घालून शेवंतीची देठं खुडत बसायचीस.

दोन हजार दोनचा दसरा तोंडावर आला होता. मखमलाबादच्या मळ्यात सकाळी सकाळी झेंडूची तोडणी चाललेली, फूलबाजारात जाणारा टेम्पो बांधाशी उभा, आणि मी सातपूरच्या ऑफिसात जायच्या घाईत, पर्स खांद्याला लावून तुला सांगते आहे की रविवारी मी त्याच्याकडे राहायला जाणार. तो काही तुला परका नव्हता. चार वर्षं आपल्याकडे येत होता, तुझ्या हातचं पिठलं मागून खात होता. त्याची बायको कधीच वेगळी झाली होती, पण घटस्फोटाचा खटला कोर्टात अडकलेला, आणि तो सुटेपर्यंत आम्हाला लग्न करता येत नव्हतं. तू टोपलीतून डोकं वर न काढता म्हणालीस, "निकाल लागू दे, मंग जाय."

"आई, मी चौतीस वर्षांची आहे. निकाल लागेपर्यंत म्हातारी होईन."

"लोक काय म्हनतील ते मलाच आइकायचंय. तू चालली तिकडं."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला आणि तू टोपल्या चढवायला उठलीस. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं तिथे संपलं.

तीन महिन्यांनी तू न सांगता पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत आलीस. पिशवीत मटारच्या शेंगा, मेथीच्या दोन जुड्या, ओल्या कागदात गुंडाळलेले गुलाब. तीन जिने चढून धाप लागलेली. मला काय करू अन् काय नको असं झालं. पाणी पुढे केलं, नको म्हणालीस. चहा टाकते म्हटलं, तोही नको. "तहान नाय मला." खुर्चीच्या कडेवर दहा मिनिटं बसलीस, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलंस आणि निघालीस. मी चप्पल घालून मागोमाग आले, तर खालच्या जिन्यात थांबून तू पिशवीतला पितळी फिरकीचा तांब्या काढला होतास आणि घटाघटा पाणी पीत होतीस.

मी वरच थांबले, हाकही मारली नाही. माझ्या घरचं पाणी तुला चालत नाही, एवढं मला कळलं. पुढची पाच वर्षं, तू जाईपर्यंत, मी ते मनात धरून बसले. तुझ्या घरचं काही तोंडाला लावायचं नाही असं ठरवलं. मळ्यात यायचे, तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायचे, आणि चहाची वेळ आली की म्हणायचे, "पिऊन आलेय." तू पुन्हा विचारायची नाहीस.

परवा ताईच्या लेकीचा संसार बघायला आम्ही दोघी बहिणी गेलो. भाचीने पाणी आणलं. मी प्यायले, ताईने पेल्याला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाली, "लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पीत नसतात. आई तरी माझ्याकडं कुठं प्यायची, पोरगा होईपर्यंत? तांब्या घेऊनच यायची. तुझ्याकडंही नसंल प्यायली." एवढं सहज बोलली आणि पडद्यांचं कौतुक करायला लागली.

तू ताईकडे कळवणला निघालीस की तो तांब्या पिशवीत असायचा, हे मला चांगलं आठवतं. मी तेव्हा शाळेत होते. मला वाटायचं, एसटीच्या प्रवासासाठी आहे.

म्हणजे कोर्टाने मानलं नव्हतं, त्याच्या घरच्यांनी मानलं नव्हतं, आणि तू मानलं होतंस? ताईकडे जायचीस तशीच मळ्यातलं घेऊन आली होतीस, दिल्या घरच्या लेकीकडे? की हे मी आता माझ्या सोयीने जुळवते आहे? तुला विचारता येत नाही, याचाच संताप होतो. "लेकीच्या घरी पीत नाय मी." पाच शब्द. बोलायला तुझं काय जात होतं? निकाल तू गेल्यावर लागला, मग आम्ही सह्या करून लग्न केलं. मूल काही झालं नाही, त्यामुळे आमच्याकडचं पाणी प्यायची तुझी वेळ तशीही आली नसती. पण मला कळलं तरी असतं. तुला माफ केलं असं लिहायचं मनात होतं. ते जमत नाही.

हे पत्र वहीतच राहणार. एकच सांगते. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात मी भर दुपारी, रिक्षा मिळाली नाही म्हणून, चालत मळ्यात आले होते. तू माठातलं पाणी पुढे केलंस आणि मी नेहमीसारखं "पिऊन आलेय" म्हणाले. तू पेला हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिलीस. मी काही पिऊन आले नव्हते, आई. घशाला कोरड पडली होती.