पाय चढतात, सूज उतरत नाही

सोम., १२ जाने.
डेपोत आजही चौकशीच्या खिडकीत. चौथा महिना. माझ्या सुरगाणा गाडीवर दुसरी कंडक्टर चढली, बघत बसले. आमवाताने गुडघे सुजून सुजून मांड्या वाळल्यात. मार्चमध्ये मेडिकल. पास नाही झाले तर कायमची खिडकी. डॉ.नी फिजिओकडे धाडलंय.

गुरु., १५ जाने.
फिजिओ रेणुका, लेकीच्या वयाची. मांडीला बीपीसारखा पट्टा बांधून हवा भरली, पावलाला एक किलो वजन. पाय लालनिळा, नुसती आग.
"अगं, रक्त अडवल्यावर सूज वाढेल ना?"
"पूर्ण नाही अडवत, मावशी. जड वजन गुडघ्याला सोसणार नाही. पट्ट्यामुळे हलक्यातच स्नायूला जडाचं काम पडतं."
"आणि सूज?"
"नक्की नाही सांगता येत. रक्तात सुजेचा आकडा कळतो, तपासत राहू."
खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शनि., ३१ जाने.
आठवड्यातून तीनदा पट्टा. हे म्हणाले, "रिक्षाने जायचं नि कण्हत यायचं. सोड ना नोकरी." घाटात बाया पाट्या घेऊन गाडीत चढतात, "ताई, जागा द्या" म्हणतात, ते ह्यांना काय…

सोम., १६ फेब्रु.
क्लिनिकचा जिना कठडा न धरता चढले! रेणुकाने टाळ्या वाजवल्या. मग रक्ताचा रिपोर्ट. सूज होती तेवढीच, किंचित जास्तच.
"ताकद वाढली, मावशी. सूज वेगळी गोष्ट."
डॉ.नी गोळी वाढवली. जिन्याचा आनंद घरी येईपर्यंतही टिकला नाही.

बुध., ४ मार्च
कुकरचं झाकण निघेना. उजव्या हाताची तीन बोटं सुजलीत. ह्यांना बोलले नाही. रेणुकाला दाखवली. हात हातात घेऊन बसली.
"पट्ट्यामुळे?"
"वाटत नाही. पण छातीठोक नाही सांगू शकत. आज व्यायाम नको. डॉक्टरांना दाखवा."
"मेडिकल झाल्यावर."
"मावशी!"

रवि., ८ मार्च
उद्या मेडिकल. पायऱ्या चढवतील, उठाबशा काढायला लावतील. ते जमेल. हात बघतील की नाही, माहीत नाही. तिकीट मशीन डाव्या हाताने दाबेन. पण मग चालत्या गाडीत दांडा उजव्याने धरावा लागेल आणि…
रेणुकाने पत्र दिलंय, फक्त पायांचं. "हाताचं तुम्ही सांगायचं," म्हणाली.
मघाशी ह्यांनी विचारलं, "हातात बांगड्या का नाहीत?"
"तपासणीला कशाला?"
ते हाताकडेच बघत राहिले. मी सुजलेला हात पदराखाली घेतला.