स्टामातिया आजीची साखर

३ नोव्हेंबर
आले एकदाची नव्या कामावर! घर डोंगरउतारावर, खिडकीतून समुद्र. स्टामातिया आजी एक्क्याऐंशीची, तोंडाने फटकळ. दारातच विचारलं, तुम्हा जॉर्जियाच्या बायकांना कॉफी तरी धड जमते का? मी म्हटलं, वीस वर्षं ग्रीसमध्ये तेच करतेय, तुमच्यापेक्षा बरी जमते. खो खो हसली. मला बशीत संत्र्याच्या सालीचा मुरांबा दिला, स्वतः नुसता वास घेतला. मधुमेह आहे तिला. रोज सकाळी सातला बोट टोचून साखर मोजायची, मग इन्सुलिन. आज १२६. मुलगा लेफ्तेरिस अथेन्सहून फोनवर म्हणाला, लमाराताई, आईला जपा.

११ नोव्हेंबर
आजीला ताप आणि खोकला. गावातल्या डॉक्टरांनी छातीची सूज उतरायला आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या.

१४ नोव्हेंबर
साखर २९०! शेजारची पोलिक्सेनी म्हणते, म्हातारी पक्की चोर, नवऱ्यापासून लपवून बिस्किटं खायची. मी आजीला फैलावर घेतलं. ती देवमातेची शपथ घेऊन म्हणाली, बोटसुद्धा लावलं नाही गं. मी म्हटलं, मग साखर काय आभाळातून पडते? सगळं गोड कुलपात टाकलं. शहरातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला, सांगितलं, चोरून खाते. त्यांनी इन्सुलिन वाढवलं. खोकल्याच्या गोळ्यांचं सांगायचं मला सुचलंही नाही.

२१ नोव्हेंबर
गोळ्या संपून तीन दिवस झाले, खोकला गेला. सकाळी साखर ९८. वाटलं, कुलपाचा गुण! अकराला आजी घामाने थबथबली, हात लटलटत होते. पोरी, एक चमचा साखर दे गं, म्हणाली. मी म्हटलं, नाटकं पुरे. आणि मासे आणायला गेले. परत आले तर —

२३ नोव्हेंबर
आज पुरलं तिला. सगळे म्हणत होते, जिभेने घात केला. मीच तसं सांगितलं होतं. लेफ्तेरिसने माझे हात धरून आभार मानले.
दुपारी औषधं आवरताना गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला. या गोळ्या साखर वाढवतात. तापही वाढवतो. गोळ्या थांबल्या की साखर उतरते, तेव्हा इन्सुलिन कमी करावं लागतं, नाहीतर साखर पार खाली जाते, घाम फुटतो, जीव जातो. देवा, म्हातारी खरं बोलत होती! मी काय करून बसले? कागद चुलीत घातला. कोणाला काही बोलले नाही.

२५ नोव्हेंबर
सकाळी सातला साखरेचं यंत्र आपोआप वाजलं. पट्टीवर ताजं रक्त. ७०. टोचलेलं बोट माझं. मला मधुमेह नाही.

२७ नोव्हेंबर
५८. यंत्र काल समुद्रात फेकलं होतं. आज उशाशी —

२९ नोव्हेंबर
नववा दिवस. ४४. चर्चमध्ये तिच्या नावाचं उकडलेल्या गव्हाचं ताट, वर साखरेचा थर. घाम फुटला. प्रार्थना चालू असताना मी मूठभर साखर तोंडात कोंबली. पोलिक्सेनी किंचाळली, मेलेल्या बाईच्या ताटातलं चोरतेस? लेफ्तेरिस म्हणाला, असू दे, बिचारी दमलीय.
बिचारी! मी!
साखर गोड लागलीच नाही. आकडा खालीच —

३० नोव्हेंबर
३१. अक्षर हलतंय. आजी समोर खुर्चीत. रागावलेली नाही. नुसती वाट बघतेय —

लेफ्तेरिस, तुझी आई चोर नव्हती. साखर गोळ्यांनी वाढली — डॉक्टरांना मी खोटं — तिला घाम फुटला होता रे, ती चमचाभर मागत होती, आणि मी —