गळक्या कांड्या

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार

कापड फाटलं. पुन्हा! आणि या वेळी थेट युसुफभाईंच्या हातावर.

वही नवी आहे, तिला काही ठाऊक नाही, म्हणून एकदाच सांगते. आमच्या कारखान्यात मालट्रकांचं जळकं तेल येतं — काळंकुट्ट, शाईसारखं. ते आम्ही तापवतो, ॲसिड घालून घाण खाली बसवतो, मग त्यात पांढरी माती ढवळतो. माती उरलासुरला काळेपणा पिऊन घेते. इथवर सगळं झकास. पुढे ती माती तेलातून काढायची, आणि तीही तेल गरम असतानाच, कारण गार झालं की गळायचं नाव नाही. त्यासाठी जाड कापड लावलेलं गाळणयंत्र आहे. ॲसिडचा अंश कापड कुरतडतो, वरून पंपाचा दाब, की झालं — फर्र!

युसुफभाई म्हणजे आमचे मेकॅनिक. कोपरापर्यंत फोड. "काही नाही बाई, चहा सांडल्यासारखं." म्हणे चहा! मी बर्नोल चोपडलं. दुपारी गौहरभाभी आल्या, नवऱ्याचा हात बघितला. मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या ना? मग दुसरं काहीतरी काढा की!"

काय काढू?

५ फेब्रुवारी

अजून तेच डोक्यात.

११ फेब्रुवारी

मालकांची स्वारी आज लॅबोरेटरीत. (लॅबोरेटरी म्हणजे एक टेबल, एक स्टोव्ह, आणि मी.) नानासाहेब एरवी आत येताना गुणगुणत येतात. आज मुके. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "इंद्रायणीबाई, पावसाळ्यापर्यंत वाट बघतो. रोज माणसं भाजणार असतील तर मला हा धंदा नको. शेड रिकामी करतो, बर्फाचा कारखाना टाकतो."

"आणि आम्ही?"

"बर्फाला केमिस्ट लागत नाही हो," म्हणाले. अगदी वाईट वाटून म्हणाले, म्हणून रागावताही आलं नाही.

घरी आईला सांगितलं. आईचा चेहरा उजळला! "बरंच झालं. शाळेत मास्तरीण हो. तुझ्या पातळांना रॉकेलचा वास येतो, शेजारच्या सावित्रीबाई नाकाला पदर लावतात." रॉकेल नाही गं, इंजिनऑइल. पण हा फरक आईला गेली चार वर्षं पटलेला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

मजा झाली!

मावशीकडे रहाटणीला गेलो होतो. वाटेत वीटभट्टी. आई दमली म्हणून एका विटांच्या ढिगावर टेकलो. माझ्या हाताला एक फुटकी वीट लागली. आत बघते तर भोकंच भोकं. विटेच्या मातीत तूस घालतात, भट्टीत ते जळून जातं, आणि तुसाच्या जागी पोकळी राहते.

ठेचणार होते बोट, इतकी एकदम उठले.

म्हणजे भोकं बनवता येतात! हवी तेवढी, हवी तशी! तूस बारीक तर भोक बारीक. तेल जाईल आणि मातीचा कण अडेल असं भोक — आणि भाजलेल्या मातीला ॲसिड काय खाणार? कपाळ?

आई म्हणाली, "विटेकडे बघून हसतेस काय? लोक बघतायत."

२० फेब्रुवारी

चिंचवडच्या सुभद्राबाई कुंभारणीकडे गेले. साठीच्या असतील. नवरा मागेच गेला, चाकाला बाईमाणसाने हात लावायचा नाही म्हणून ते दीर फिरवतो, माती मळणं, थापटणं, आवा (मडकी भाजायची भट्टी) लावणं सगळं बाईंकडे. आमचे माठ नेहमी तिथलेच.

मी समजावून सांगितलं. लांब नळी हवी, एक तोंड बंद, आणि मातीत लाकडाचा भुसा मिसळायचा, म्हणजे भाजल्यावर ती सगळीकडून पाझरेल.

बाईंनी हातातलं थापटणं खाली ठेवलं.

"गळकी पायजे?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो ना."

"अगं पोरी, माझा सासरा, माझा नवरा, आमी समदी जलमभर कशासाठी राबलो? गळू न्हाई म्हून! आन् तू म्हंतीस गळकं कर. उद्या गावात सांगत फिरशील, सुभद्रीच्या हातचं गळकं हाय!"

आणि उन्हाळा तोंडावर. माठांचे दिवस. दीर तर चाकावरून मानही वर करेना. मी उठून निघाले. दारापर्यंत आले तर मागून, "नळीला चाक लागतंय का?"

"नाही. काठीभोवती माती गुंडाळली तरी चालेल."

बाईंनी दिराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग त्ये काम माजं. त्येला इचारायचं न्हाई मला कुनाला."

२ मार्च

पहिल्या कांड्या आव्यातून निघाल्या. (युसुफभाईंनी त्यांचं नाव ठेवलंय — कांडी. मी 'नलिकाकार सच्छिद्र गाळणी' म्हणत होते. कांडीच बरी.) उचलली आणि हातात बिस्किटासारखा चुरा! भुसा फार झाला.

सुभद्राबाई खूश. "बग, न्हाई म्हनलं व्हतं."

९ मार्च

भुसा कमी केला. कांडी दगडासारखी टणक. तेल ढिम्म आत जाईना. माठ बरा म्हणायचा.

१५ मार्च

भुसा आता आईच्या मैद्याच्या चाळणीतून चाळते. आई अबोला धरून आहे. त्यात आज लाटणंही गेलं! काठी वाकडी निघायची, म्हणून कांडी सगळीकडे सारख्या जाडीची होईना. लाटणं कसं, गोल, गुळगुळीत, सरळ. सुभद्राबाईंनी त्यावर माती गुंडाळली आणि हात फिरवला — सुरेख! "ह्ये मी ठिवून घेते," म्हणाल्या, आणि ठेवूनच घेतलं.

आई संध्याकाळी बाटलीने पोळ्या लाटत होती. मी ताट पुढे ओढलं तर तेवढ्यापुरता अबोला मोडून म्हणाली, "कारखान्यात जेव."

२३ मार्च

भांडण.

कांड्या उभ्या चिरल्या, सगळ्याच्या सगळ्या. मी म्हटलं आवा जास्त तापला. बाई म्हणाल्या तू वाळवताना घाई केलीस. मी म्हटलं पुस्तकात लिहिलंय. बाई म्हणाल्या, "तुज्या पुस्तकाला चिंचवडचा वारा ठाव हाय का?" मी फणकाऱ्याने निघून आले.

२४ मार्च

परत गेले. दोन ढीग केले. एक ओल्या पोत्याखाली सावलीत सावकाश वाळवायचा, एक माझ्या पद्धतीने. आणि दोन्ही कमी आचेवर भाजायचे, म्हणजे दोघींचंही बघून होईल. बाई म्हणाल्या, "आत्ता कसं!"

३१ मार्च

पोत्याखालच्या सगळ्या शाबूत. माझ्या पद्धतीच्या चिरल्या, पण कमी! म्हणजे आचही जास्त होती. दोघी बरोबर, दोघी चूक. चहा घेतला त्यावर.

५ एप्रिल

युसुफभाईंचे रोजे सुरू आहेत. पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर हे ऊन! तरी माणूस कांड्या बसवायला लोखंडी डबा घडवतोय. डब्यात गरम तेल भरायचं, कांड्या आत उभ्या, पंप दाबायचा — तेल बाहेरून कांडीच्या आत झिरपणार आणि तिच्या तोंडातून नितळ होऊन बाहेर. माती बाहेरच चिकटून राहणार. झाकण घट्ट. हात घालायचं काम नाही कुणाला.

म्हटलं, "रोज्यात इतकं करू नका हो, भाई." फोडांचे डाग दाखवून म्हणाले, "दुसरा हात अजून चांगला आहे बाई, तो चांगलाच ठेवायचाय."

१२ एप्रिल

झालं!! झालं झालं झालं!

सकाळी डबा भरला. युसुफभाई पंपावर, मी तोटीपाशी काचेचा ग्लास धरून, आणि मागे सगळी शेड गोळा झालेली. नानासाहेब लांब, दाराआड (तेलाला घाबरतात, कबूल करत नाहीत). पहिल्यांदा काहीच नाही. मग तोटीच्या टोकाशी एक थेंब लोंबायला लागला. लोंबतोय, लोंबतोय, पडेना! मग टपकला. मग दुसरा. मग बारीक धार.

मधाच्या रंगाचं तेल! ग्लासामागे बोट धरलं तर नखाचा आकार दिसला.

कुणीतरी शिट्टी वाजवली. युसुफभाईंनी ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "माशाल्ला. रोजा नसता तर प्यायलो असतो."

कामानंतर तडक चिंचवडला जाऊन सुभद्राबाईंना ग्लास दाखवला. त्यांनी कांडी मागितली, उलटसुलट केली. "गळली म्हनायची," म्हणाल्या. इतकी नीट गळणारी वस्तू आजवर कुणी केली नसेल, असा चेहरा होता.

१५ एप्रिल

नानासाहेब पुन्हा गुणगुणायला लागले. मुंबईच्या एका मोटार कंपनीने आमच्या तेलाचा नमुना तपासायला मागवलाय. बर्फ वितळला!

आणि जाता जाता — "पेटंट घेतो. नाव ठरलंय. नानासाहेब कांडी."

मी ऐकलं आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

१६ एप्रिल

आज मात्र बोलले. शेडमध्येच, सगळ्यांसमोर. एकटीने त्यांच्या खोलीत गेले असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

"नानासाहेब, कांडी तुमची कशी?"

"अहो, शेड माझी, पंप माझा, तुमचा पगार माझा!"

"आणि डोकं माझं, डबा युसुफभाईंचा, कांडी सुभद्राबाईंची. तुम्ही तर दाराआड होतात."

कुणीतरी फस्सकन हसलं. नानासाहेबांचे कान लाल. मला वाटलं, संपलं, आता शाळा.

युसुफभाई सावकाश म्हणाले, "साहेब, नाव तुमचं लावा. पण मग उद्या कांडी फुटली तरी लोक तुमचंच नाव घेतील."

नानासाहेबांनी विचार केला. खरंच केला, कपाळावर दिसत होता. मग म्हणाले, "चार नावं घालू." तेवढ्यात स्वतःच दुरुस्त केलं — "तुमचं पहिलं."

हा माणूस वाईट नाही. फक्त मालक आहे.

२४ एप्रिल

नानासाहेब मुंबईहून परत. आधी चांगली बातमी — नमुना पास. तेल घेणार, दर महिन्याला घेणार. तेलखातं राहणार. शेडमध्ये पेढे वाटले.

मग मला बाजूला बोलावलं. वकिलांना भेटले होते. वकिलांनी कांडी बघितली आणि हसले म्हणे. भुसा जाळून सच्छिद्र माती करायची युक्ती परदेशात साठ-सत्तर वर्षं चालत आलीय. पाणी गाळायच्या कांड्या तिकडे घरोघरी. पेटंट मिळणार नाही. ना नानासाहेबांना, ना मला, ना कुणाला.

"वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले. त्यांनाच जास्त वाटलेलं दिसत होतं.

२५ एप्रिल

रडले. दहीभातात.

आईने अबोला सोडला. "कुणी काय म्हटलं?" मी सांगितलं की मी जे शोधलं ते आधीच शोधलेलं होतं. आई म्हणाली, "पण तुला कुठे माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग तू शोधलंसच की," म्हणाली, आणि भात वाढला.

२७ एप्रिल

सुभद्राबाईंना सांगायचा धीर होत नव्हता. त्यांच्या कांडीला मी इतकं चढवून ठेवलेलं! सांगितलं एकदाचं.

बाईंनी माती मळणं थांबवलं नाही. "म्हंजी साता समुद्रापल्याड बी कुनीतरी जानूनबुजून गळकं करत व्हतं?"

"हो."

"आन् त्येंना कुनी येडं म्हनलं न्हाई?"

"नाही."

"मंग झालं तर!" हातातला गोळा आपटला. "मला वाटत व्हतं, आपुन दोगीच येड्या."

हसता हसता मातीचे हात डोळ्यांना लागले, मग धुवायला धावाधाव.

२ मे

युसुफभाईंच्या घरी ईदचा शीरखुर्मा. आईही आली! (बदाम किती घातलेत ते वाटी ढवळून मोजत होती.) गौहरभाभींनी मला जवळ बसवलं आणि युसुफभाईंचा हात पुढे ओढून दाखवला. डाग फिके झालेत, नवा एकही नाही. माझी वाटी दुसऱ्यांदा भरली.

तिथे त्यांचे चुलतभाऊ नूरमोहम्मद भेटले. पिंपरीत सोडावॉटरचा कारखाना आहे. विहिरीचं पाणी गढूळ, बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, गिऱ्हाईक बाटली परत करतं. म्हणाले, "बाई, तुमची ती कांडी पाण्याला चालेल का?"

चालेल का! तेलापेक्षा छान चालेल. भुसा आणखी बारीक चाळला की झालं.

म्हटलं, "नानासाहेबांना विचारावं लागेल."

"का?" ते म्हणाले. "पेटंट तर कुणाचंच नाही ना?"

घास तोंडातच राहिला. पेटंट कुणाचंच नाही. मग आम्हाला कोण अडवणार?

३ मे

दिवसभर चिंचवडला. सुभद्राबाई, मी, आणि आवा. काय ठरलं ते आज लिहीत नाही, नजर लागेल.

६ मे, सोमवार

राजीनामा दिला. नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो, मग आम्हाला कांड्या कोण देणार?"

"आम्हीच देऊ," म्हटलं. "सुभद्राबाई आणि मी. पण थांबावं लागेल हं — तुमच्या आधी सोडावाल्यांचा नंबर आहे."