रविवारच्या आवाजाची ओळ

मॅसॅच्युसेट्स, मार्च १८८९

प्रिय ड्रुसिला,

तुला जाऊन तीन वर्षं झाली, पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायची माझी छाती नाही.

पाद्री होल्कम वारले. वारलेल्याला आलेली पत्रं परत करायच्या रीतीप्रमाणे त्यांच्या बायकोने तुझी सगळी पत्रं फितीत बांधून परत आणून दिली. म्हणाली, "तुझी बहीण एवढी साधी दिसायची, आणि माझ्या नवऱ्याला असलं लिहायची?" मी पत्रं घेऊन दार लावलं.

तुझे डोळे अधू, म्हणून तू सांगायचीस आणि मी लिहायचे. पत्र तुला वाचून दाखवताना शेवटची ओळ मी गाळायचे, कारण ती माझी असायची.

आज तुझ्या कवितांचं पुस्तक काढणारे बॉस्टनचे संपादक आलेत. पत्रं चाळून म्हणाले, "कविता राहू द्या हो, बाई! 'रविवारी तुमचा आवाज ऐकला की माझा आठवडा सुरू होतो.' ही ओळ छापली की लोक तुटून पडतील!" मग एकदम थांबले. "पण त्या तर वीस वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. आवाज ऐकला कुठे?"

मी म्हटलं, "खोलीच्या खिडकीतून. चर्च समोरच आहे ना."

त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. खूष झाले.

ड्रुसिला, तुझी खिडकी मागच्या बागेकडे उघडते. आणि उद्या सकाळी त्यांना तुझी खोली बघायची आहे.

तुझ्या नावामागे स्वतःचं तोंड लपवणारी,
केझाया