मेळाव्याचा डबा

१४ मार्च २०२०, शनि.
डॉक्टरांचा फोन. बावीस तारखेचा आम्हा ल्युपसच्या रुग्णांचा मेळावा नको म्हणाले. तुम्हा सगळ्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी आधीच दाबलेली, त्यात हा करोना. पटलं, तरी चिडले. श्रीरामपुरात वर्षातून एकदा जमतो आम्ही, एकमेकींचे सुजलेले सांधे बघतो, हसतो. ग्रुपवर टाकलं : पुढे ढकलला, तारीख नंतर. सगळ्यांचे अंगठे आले.

१५, रवि.
शहाणपणा नडला. दर मेळाव्यात ज्याच्या त्याच्या उरलेल्या हायड्रॉक्सीच्या, म्हणजे आमच्या रोजच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्यांच्या पट्ट्या एका डब्यात पडतात, नड असेल तो नेतो. यंदा मीच म्हटलं, आधी पाठवून द्या, वाटायला सोपं. आता मेळावा नाही, डबा माझ्या कपाटात. अकरा पट्ट्या.

२४, मंगळ.
मेडिकलमध्ये गोळी नाही. करोनावर चालते म्हणे, लोकांनी उचलली. मला आठ वर्षं रोज लागते, तेव्हा कुणी विचारलं नाही! माझ्या नऊ उरल्या. घरी येऊन डब्यातल्या दोन पट्ट्या माझ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. ह्यांनी पाहिलं.

२६, गुरु.
बाकीच्या नऊ गावातल्या चौघींनी नेल्या. डबा संपला, असं त्यांना सांगितलं.
संध्याकाळी मेळाव्यातल्या सुनंदाचा फोन, मुकादमाच्या मोबाईलवरून. नेवाशाकडे ऊसतोडीला आहे. ‘ताई, मेळावा तुमी पुढं ढकलला, पन माझ्या गोळ्या रविवारी सरत्यात. एसट्या बंद हायत.’
गेल्या वर्षी तिची गोळी महिनाभर तुटली, तर किडनीवर गेलं होतं. तरी ‘बघते’ एवढंच म्हणाले. लाज वाटते लिहायला.

२८, शनि.
लॉकडाऊनमध्येही दुधाच्या टँकरला पास आहे. ह्यांनी नेवाशाकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला गाठलं. ड्रॉवर उघडला. एकच पट्टी द्यावी, असं दहा मिनिटं घोळलं डोक्यात. मग दोन्ही दिल्या.

३१, मंगळ.
सुनंदाला पोचल्या. म्हणाली, ‘तुमच्यापुरत्या ठिवल्या न्हवं, ताई?’
हो म्हणाले.
माझ्या दोनच गोळ्या उरल्या. उद्यापासून एक दिवसाआड घेतली तर... डॉक्टरांना विचारायची भीती वाटते. सकाळपासून बोटं आखडलीत, अक्षर बघ कसं आलंय.
ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, मेळाव्याची नवी तारीख कधी?