पाळण्याला दहापैकी दोन

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१५ डिसेंबर

सन्माननीय शमुवेलराव यांना केरबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुम्हाला 'अहो जाहो' करतोय म्हणजे माझ्या हातून काहीतरी घडलंय, हे एव्हाना ओळखलं असशील. (एका ओळीतच 'तू'वर आलो. सवय जात नाही.) गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आता जिना चढता येतो का? पुण्याची थंडी सोसते का? मनालीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक. म्हणजे सगळे ठीक आहेत आणि मी आहे. बाळाबाई चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. चहा वेळेवर मिळतो, पण कप असा आदळून ठेवते की निम्मा बशीत असतो. घरातल्या बाईनं चार दिवस शिवी न देता गप्प राहणं किती वाईट असतं, ते तुला माहीत आहे.

झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. तुमच्या चर्चमध्ये यंदाही नाताळच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. गेल्या वर्षी परीक्षक निघाला एका कॅरल पार्टीच्या पुढाऱ्याचा व्याही, त्यावरून मंडळींत अबोला झाला, म्हणून या वेळी पाळकसाहेबांनी ठरवलं की परीक्षक बाहेरचा, त्रयस्थ आणि गाण्यातला हवा. तर त्यांना आठवलो मी. तीस वर्षं तालमीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतोय, तेव्हा गाण्यातला आहे, आणि तुमच्या कुणाचा सोयरा नाही, तेव्हा त्रयस्थ. मी एकदाही 'नको' म्हटलं नाही. उलट नवीन कोट इस्त्रीला टाकला. स्वतंत्र टेबल, टेबलावर घंटी, पाण्याची बाटली आणि गुणांचा तक्ता. शमुवेल, अशा टेबलामागे बसलं की माणसाची अक्कल टेबलाखाली जाते, हे मला आता कळलं.

गाणी एकूण चार झाली. पहिलं मेंढपाळांचं, तरुण संघाचं. ढोलकी आणि हलगीवर असं उचललं की बसल्या जागी माझे पाय हलायला लागले. रानात मेंढरं राखणारे धनगर, त्यांना बातमी कळते आणि ते धावत सुटतात. हे आपल्याला लगेच कळतं, आपलं वाटतं, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. नाताळचं माझं सगळ्यात आवडतं गाणं हेच, आणि यावर मी आजही ठाम आहे. दहापैकी दहा. दुसरं उंटावरून येणाऱ्या ज्ञानी लोकांचं. चाल बरी, पण माणसं तीन, प्रत्येकाची भेटवस्तू वेगळी आणि प्रत्येक भेटवस्तूला तीन कडवी. ते लोक प्रत्यक्षात यायला जेवढा वेळ लागला असेल त्यातला बराचसा आम्हीही तिथं बसून काढला. सहा. तिसरं इंग्रजी, शाळेतल्या पोरांचं, सगळं बर्फावर. आता कोल्हापुरात बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला, त्यावर माणसानं किती भावुक व्हावं? पण पोरांनी कापसाच्या दाढ्या लावल्या होत्या आणि एकाची दाढी तोंडात जात होती तरी तो थांबला नाही, म्हणून सात.

चौथं महिला संघाचं. पाळणा. (इथं माझा हात थोडा थांबला. चहा पिऊन आलो.) चाल इतकी संथ, इतकी संथ की मी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा पंख्याकडे बघितलं. एकेक शब्द ताणून ताणून चालला होता. मी तक्त्यावर दोन गुण लिहिले, एक सगळ्यांनी सारख्या साड्या नेसल्याबद्दल आणि एक वेळेवर आल्याबद्दल. एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण आपल्याकडे परीक्षकाला शेवटी मनोगत सांगावं लागतं, आणि कोल्हापुरात माणसाच्या हातात माईक दिला की तो आपणहून परत करत नाही.

मी मेंढपाळांची स्तुती केली, उंटवाल्यांना चिमटा काढला, लोक हसले. मग पाळण्याकडे वळलो. म्हणालो, नाताळच्या गाण्यांत मला सगळ्यात नावडतं हे. या पाळण्यात बाळ झोपायच्या आधी गाणारी झोपेल. दुसरं कडवं येईपर्यंत बाळ मोठं होऊन शिरोलीच्या कारखान्यात कामाला लागलेलं असेल. ज्यानं ही चाल लावली त्याचं बाळाशी काहीतरी वाकडं असावं. प्रत्येक वाक्याला हशा वाढत होता. पुढच्या रांगेतले पोट धरून हसत होते, पाळकसाहेब रुमालात तोंड घालून बसले होते. मला वाटलं, काय आपला विनोद! फक्त बाळाबाई हसत नव्हती. तिच्याशेजारी तुझी थोरली बहीण, आपली आक्का, बसली होती. ती उठली. ऐंशीची बाई, काठी टेकत थेट माझ्या टेबलापर्यंत आली.

"केरबा, गप बस आदी," ती म्हणाली. "चाल कुनाची हाय, ठावं हाय का तुला?"

मी माईकवरूनच म्हणालो, की कुणाची का असेना, त्याला माझ्याकडे पाठवा. तिनं गाण्यांचं जुनं पुस्तक माझ्यापुढं उघडून ठेवलं. पान पिवळं पडलेलं. वर छापलं होतं, शब्द शमुवेल, चाल केरबा, शिवाजी पेठ.

"तूच की रं त्यो! चौतीस वरसं म्हंतोय आमी ह्यो पाळणा. तू एकदा तरी ऐकाय थांबलास व्हय?"

माईक चालूच होता. सगळ्या हॉलला ते नीट ऐकू गेलं.

तुला आठवतंय ना? १९९१ चा डिसेंबर, आपल्या फौंड्रीतली दुपारची पाळी. भट्टी बंद पडलेली आणि आपण दोघं मोल्डिंगच्या खात्यात वाळूच्या ढिगावर बसलेलो. मनाली महिन्याची होती. तू गेट पासच्या पाठीमागे लिहिलेल्या ओळी वाचून दाखवल्यास आणि म्हणालास, मला चाल येत नाही, तू लाव. मी डब्याच्या झाकणावर ठेका धरला, भट्टी तापेपर्यंत चाल झाली, आणि मी ती विसरलो. तू विसरला नाहीस. आता माझी बाजू एवढीच की मी लावलेली चाल अशी नव्हती. ती झुलती होती, पाळण्याला झोका मिळेल अशी. तुमच्या लोकांनी वर्षागणिक थोडी थोडी संथ करत ती इतकी थकवली की जन्मदात्याला ओळखू आली नाही.

पण हे कारण मलाच पटत नाही. कोल्हापुरात होतास तोवर दर नाताळला तू मला घरी बोलावलंस. करंज्या, चिवडा, केक आणि माझ्यासाठी वेगळा झणझणीत रस्सा. दर वर्षी म्हणायचास, संध्याकाळी कार्यक्रमाला थांब, आपलं गाणं आहे. आणि दर वर्षी मी फुटबॉलच्या मॅचचं नाव सांगून उठायचो. (काही वर्षी मॅच नव्हतीच.) भजनी मंडळातली माणसं काय म्हणतील, चर्चमध्ये कुठं बसायचं, कधी उठायचं, असलं काहीतरी मनात असायचं. गजाननाच्या आरतीला तू आमच्या दारात उभा राहायचास, तुला असलं कधी वाटलं नाही. मला फार लाज वाटते, शमुवेल. चारचौघांत हसं झालं त्याची कमी, याची जास्त.

बाकी क्षेमकुशल. गुडघ्याला जप.

तुझाच (अजून ठेवला असशील तर)
केरबा

ता. क. आक्कानं शिक्षा सुनावली आहे. २४ तारखेला संध्याकाळी चर्चमध्ये तो पाळणा मी स्वतः पेटीवर बसून म्हणायचा. कबूल केलंय. पण माझी एक विनंती आहे आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मूळ गतीत म्हणायची परवानगी दे. पाळकसाहेब म्हणतात, गाणं लिहिणाऱ्यानं लेखी दिलं तर त्यांची हरकत नाही. दोन ओळी पुरतील. चूक माझी आहेच, पण चाल फार संथ आहे हेही तितकंच खरं आहे.

ता. क. २. वरची परवानगी राहू दे. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. 'ओळखू आली नाही' असं लिहिलंय ते खोटं आहे. बायका दुसऱ्या कडव्यावर आल्या तेव्हाच ओळखली होती. कडव्याच्या शेवटी जिथं आवाज वर जातो, तिथं चाल लावताना माझा सूर चुकून वर गेला होता आणि तू म्हणाला होतास, असंच ठेव. त्यांनी तसंच ठेवलंय. मी ओळखली असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, इतकी वर्षं कुठं होतास? त्यापेक्षा नावं ठेवणं सोपं होतं. हे आक्काला ठाऊक नाही, बाळाबाईलाही नाही. पाळणा महिला संघाच्या बायका म्हणतात तेवढाच संथ म्हणेन. फक्त २४ ला तू ये, आणि पहिल्या रांगेत बस. तू समोर असलास की मला मध्येच उठून जाता येणार नाही.