मागे राहिलेली पात

८ नोव्हें.
एसटी पुन्हा उशिरा. तांड्यावरच्या शाळेत पोचले तर माझ्या तिसरीत निम्मीच पोरं. कापूस फुटलाय. बोंडअळीने खाऊन उरलेला वेचायला घरचेच हात. कविता आली होती. पुस्तक उघडते, तोंड उघडत नाही. तिची आई दारातच म्हणाली, "बाई, संक्रांतीपावतर वाचाले लागली त ठीक. नाही त वावरात नेईन. इथं बसून काय करून राह्यली थे?"
चुकीचं काय बोलली?

११ नोव्हें.
माझी हुशारी: वाचणारे पुढे, न वाचणारे मागे, म्हणजे मागच्यांकडे नीट बघता येईल. मागच्यांनी लगेच ओळखलं. कविता भिंतीकडे तोंड करून बसली. हात दाखवून अवलक्षण.

१५ नोव्हें.
शाळा सुटल्यावर कविताच्या वावरात गेले. बाया एकेक पात धरून वेचत होत्या. कविताची ओळ सगळ्यांआधी सरली. मग ती मागे राहिलेल्या म्हातारीच्या पातीत समोरून शिरली.
"काहून गं?"
"सगळ्यायच्या पाती सरल्याबिगर कोनी घरी जात नाही, बाई."
वर्गात मुकी असलेली पोर ती हीच.

१६ नोव्हें.
वर्गात पाती पाडल्या, प्रत्येकाला वाचायला एक पान. ज्याचं वाचून झालं त्याने मागे राहिलेल्याच्या पातीत शिरायचं. सगळ्यांचं सरल्याशिवाय सुट्टी नाही. गोंगाट इतका की हेडसर डोकावून गेले. समजावताना पोरं सरळ गोरबोलीत, तांड्यावरच्या घरच्या बोलीत घुसतात. एरवी मी टोकते. आज गप्प बसले. फार बरं वाटलं.

४ डिसें.
कविताने चार ओळी वाचल्या. बोट ठेवून, अडखळत. शेजारची गंगी तिची मास्तरीण, माझ्यापेक्षा कडक. डबा खाताना मी एकटीच हसत होते.

२ जाने.
आई दुपारीच न्यायला आली, शेवटची वेचणी. कविताचं पान सरायचं होतं. आई उंबऱ्याशी टेकली. कविताने पान संपवलं आणि न सांगता मागे राहिलेल्या निखिलकडे सरकली.
"वाचते बाप्पा," आई म्हणाली. उठता उठता, "पन वावर त सरलं पायजे."
"उद्या पाठवाल?"
"पाहू, बाई."
नेलंच तिला. वाईट वाटलं. जाता जाता कविता गंगीला बजावून गेली, "माही पात कोनाले देऊ नको."